मी म्हणजे कोण?

मिरजेत वडिलांच्या एका डॉक्टर मित्राच्या दवाखान्यात मी सहा वर्षं फोन घेत होते. मिरज हे डॉक्टरांचं गाव. १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून आसपासच्या चार तालुक्यांतला आणि पलीकडं कर्नाटकातला पेशंट मिरजेचीच वाट धरतो. त्यामुळे आमचा फोन सकाळी साडेआठला जो वाजायला लागायचा तो दुपारी डॉक्टरकाका जेवायला उठेपर्यंत थांबायचा नाही. त्या फोनवरचं बोलणं साधारण असं असायचं.

"हॅलो."

"हां, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"अहो मी! बेडगचा!"

"बेडगचे पाटील का?"

"न्हाई हो, त्यांच्या शेजारचा. गुडघ्यावाला."

"हां हां, बोला काका."

एवढ्यात ओळख पटायची. नाव शेवटपर्यंत कळायचं नाही आणि कुणाचं काही अडायचं नाही. गाव, शेजार आणि गुडघा एवढ्यावर मी केसपेपर शोधून काढायची.

हे सगळं सांगायचं कारण असं, की २००९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडात रेडिंगला आलो आणि २०१२ मध्ये मला इथं पुन्हा तेच काम मिळालं. दवाखान्यात फोन घ्यायचं. फक्त इंग्रजीत. फोन घ्यायचा अनुभव आहे, इंग्रजी माध्यमाची नसले तरी बी. ए.ला इंग्रजी होतं, मग अडचण कसली, असं मला वाटलं होतं.

इथं जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात. "सर्जरीत नोकरी लागली" असं आईला कळवलं, तर ती म्हणाली, "तुला रक्त बघून चक्कर येते, आणि ऑपरेशनला कशी उभी राहणार?" तिला समजावण्यात एक आयएसडी कॉल गेला.

नोकरीची जाहिरात सर्जरीच्या दारावरच लावलेली होती. चौकशीसाठी फोन करा, असं खाली लिहिलेलं. मी ओट्याशी उभी राहून तीनदा तालीम केली आणि फोन लावला. "हॅलो, मायसेल्फ ज्योत्स्ना क्षीरसागर, आय ॲम कॉलिंग रिगार्डिंग द रिसेप्शनिस्ट पोस्ट." हे 'मायसेल्फ' कुठून आलं, ते मला चांगलं माहीत आहे. शाळेत 'मायसेल्फ' नावाचा दहा ओळींचा निबंध पाठ करून घेतात. तेव्हापासून स्वतःबद्दल काही सांगायचं म्हटलं की तोंडात तोच शब्द येतो. पलीकडच्या बाईंना माझं नाव काही लागलं नसावं. दोन क्षण थांबून त्या म्हणाल्या, "सॉरी, हू ॲम आय स्पीकिंग टू?"

त्या विचारत होत्या, आपण कोण बोलताय. माझ्या डोक्यात मात्र वाक्य शब्दशः उतरलं, की मी कुणाशी बोलतेय? आता हे बाईंनाच माहीत नाही तर मी काय सांगणार! मी म्हणाले, "यू आर स्पीकिंग टू मी."

सहा वर्षं बेडगच्या काकांना 'मी म्हणजे कोण' म्हणून दटावणारी मी, आणि हे माझं उत्तर.

बाई हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. "लव्हली. अँड डज मी हॅव अ नेम?" म्हणाल्या. मुलाखतीला बोलावलं. पुढं त्याच माझ्या सीनियर झाल्या. यॉर्कशरच्या होत्या, अठरा वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या. त्यांना मी इथं बाईच म्हणते. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारायची सक्ती होती आणि माझ्या तोंडून ते नाव निघायला दोन महिने लागले.

पहिले दोन आठवडे फक्त ऐकायचं. बाईंच्या फोनला दुसरा हेडसेट जोडून मी शेजारी बसायची. इथं सकाळी आठला लाइन सुरू होते आणि आठ वाजून एक मिनिटानं भिंतीवरच्या पडद्यावर आकडा दिसतो: रांगेत चौदा, एकोणीस, तेवीस. मिरजेत रांग दारात असायची, इथं तारेवर असते. बाई प्रत्येक फोन एकाच चालीत उचलायच्या. आधी गुड मॉर्निंग, मग सर्जरीचं नाव, मग स्वतःचं नाव आणि पुढं 'स्पीकिंग', शेवटी 'हाउ कॅन आय हेल्प'. दीडशे वेळा तरी तेच, आणि दीडशेव्या वेळीही आवाजात कंटाळा नाही.

तिसऱ्या आठवड्यात हेडसेट माझ्या डोक्यावर आला. दुसराच फोन. एक बाई धाप लागल्यासारख्या म्हणाल्या, "हॅलो डिअर, इट्स ओन्ली मी अगेन." मला मनापासून मौज वाटली, की इथंही 'मी बोलतोय' आहेच! आणि त्या आनंदात मी विचारलं, "हू आर यू?"

पलीकडं शांतता. शेजारी बाईंनी डोळे मिटून घेतले.

'हू आर यू' मध्ये व्याकरणाची चूक काहीच नाही. पण फोनवर ते दारात आलेल्याची गचांडी धरून विचारल्यासारखं होतं. बाईंनी म्यूटचं बटण दाबून मला वाक्य दिलं: "कुड आय टेक युअर नेम, प्लीज?" आणि जेवणाच्या सुट्टीत आणखी दोन-तीन शिकवली. 'हूज कॉलिंग, प्लीज?' 'मे आय आस्क हूज कॉलिंग?' आणि डॉक्टरांना फोन द्यायचा असेल तर 'शॅल आय से हूज कॉलिंग?' म्हणजे मला जाणून घ्यायचं नाहीये हो, पण डॉक्टरांना काय सांगू, असा आव. हे शेवटचं मला फार आवडलं. आपल्याकडं घरातली सून विचारते ना, "कोण आलंय म्हणून सांगू?" अगदी तेच.

मी ही वाक्यं वहीत उतरवली आणि रात्री भांडी घासताना घोळवत बसले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. यातल्या चौकशीत समोरच्या माणसाला 'यू' कुठंच म्हटलेलं नाही. फार तर 'युअर नेम'. नाहीतर सरळ 'हूज कॉलिंग', कोण फोन करतंय, जसं काही तो माणूस तिसराच आहे. आणि उत्तर देणाराही 'आय' म्हणत नाही. तो म्हणतो 'धिस इज', नाहीतर नुसतं 'स्पीकिंग'. समोरासमोर 'धिस इज ज्योत्स्ना' असं स्वतःबद्दल म्हटलं तर लोक वळून बघतील. फोनवर मात्र मी माझ्याकडं बोट दाखवून सांगते, की ही बघा, ज्योत्स्ना.

मग आठवलं, आपलं 'कोण बोलतंय?' दुसरं काय आहे? तो नाही, ती नाही, तू नाही, तुम्ही नाही. बोलतंय. नपुंसकलिंग. पलीकडं कलेक्टर आहे की पेपरवाला, बाई आहे की बुवा, ठाऊक नाही, म्हणून मराठीनं सगळ्यांना आधी 'ते' करून टाकलं. आणि 'बोलतेय' हे उत्तर म्हणजे तर हुबेहूब 'स्पीकिंग'. "क्षीरसागर मॅडम का?" "बोलतेय." म्हणजे हे मला येत होतंच की! मी 'कोण बोलतंय' सोडून 'कोण आपण' चं भाषांतर करत बसले होते.

पण सगळंच असं जुळत नाही. आपण फोन उचलून 'बोला' म्हणतो. त्यात किती मोकळेपणा असतो! मी एकदा ओळखीच्या पेशंटला प्रेमानं 'टेल मी' म्हणाले. तो म्हणाला, "टेल यू व्हॉट?" फोन संपवताना 'ठेवू का?' या चालीवर 'शॅल आय कीप द फोन?' विचारलं, तर एक आजोबा गोंधळून म्हणाले, की तुमचाच आहे ना, ठेवा की. गुड नेम विचारायचा मोह मात्र मी पहिल्यापासून आवरला. 'शुभनाम' वरून आलेलं हे 'व्हॉट इज युअर गुड नेम' इथं कुणाला विचारलं तर तो आपलं वाईट नाव कुठलं, हे आठवत बसेल.

शेवटी माझी मी एक अटकळ बांधली. मराठीत मान क्रियापदातच बसलेला असतो. 'बस' आणि 'बसा', 'आली' आणि 'आल्या', काम झालं. इंग्रजीत राजालाही 'यू' आणि कुत्र्यालाही 'यू'. मग मान ठेवायचा कुठं? तर तो सगळा भार 'कुड', 'मे', 'जस्ट', 'अफ्रेड' असल्या बारक्या शब्दांवर येतो. हे शब्द गाळले तर वाक्याचा अर्थ बदलत नाही, पण 'बसा' चं 'बस' होतं. सासूबाई तीन महिने राहायला आल्या होत्या तेव्हा मी घरून कुठल्याशा प्लंबरला सांगत होते, "आय ॲम अफ्रेड वी आर नॉट ॲट होम टुमॉरो." फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला कशाला गं घाबरायचं? पैसे देतो ना आपण?"

हे 'आल्या' प्रकरण मला चांगलंच भोवलं होतं. एक वयस्कर पेशंट, त्यांना मी इथं मिसेस टेलर म्हणते, काउंटरसमोर उभ्या होत्या. मी आत डॉक्टरांना इंटरकॉम लावला आणि म्हणाले, "शी इज हिअर." फोन ठेवला तर मिसेस टेलर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हूज 'शी'? द कॅट्स मदर?"

मला वाटलं, कुणाचं तरी मांजर आलंय. मी खाली वाकून बघितलंसुद्धा.

तर ती इथली जुनी म्हण आहे. माणूस ऐकत असताना त्याच्याबद्दल 'ही' किंवा 'शी' म्हणायचं नाही, नाव घ्यायचं, आणि मुलांनी तसं म्हटलं की आज्या ही मांजराची आई पुढं करतात. मी मनात 'त्या आल्यात' म्हणत होते हो! पण इंग्रजीच्या 'शी' ला अनेकवचनाचा पदरच नाही. तेव्हापासून नियम केला: समोर माणूस असो की लाइनवर, "आय हॅव मिसेस टेलर फॉर यू." नाव आणि त्यामागं हुद्दा.

आता हा हुद्दा. मिस, मिसेस की 'मिझ', हे विचारून घ्यायचं, आवाजावरून ठरवायचं नाही. घोगऱ्या आवाजाच्या एका बाईंना मी 'सर' म्हटलं होतं, त्याची आठवण अजून नको वाटते. तसंही सर-मॅडम इथं कमीच. आपण अदबीनं दर वाक्याला 'सर' लावतो, तर इथल्या माणसाला वाटतं ही आता काहीतरी विकणार, नाहीतर भांडणार. पण माझा सगळ्यात मोठा गाढवपणा 'मिस्टर' या साध्या शब्दावर झाला.

एका सकाळी, रांगेत सतरा असताना, एक शांत आवाज आला. "गुड मॉर्निंग, इट्स मिस्टर" अमुक, आणि त्यांना आमच्या मुख्य डॉक्टरांशी दोन शब्द बोलायचे होते. रोज वीसजणांना डॉक्टरांशी दोन शब्द बोलायचे असतात. मी पाठ केलेल्या चालीत म्हणाले, "ऑफ कोर्स, मिस्टर अमुक. कुड आय टेक युअर डेट ऑफ बर्थ, प्लीज?"

त्यांनी दिली. मी संगणकात घातली. सापडेना. म्हटलं, पत्त्याची पहिली ओळ सांगता का? त्यांनी तीही सांगितली. मग अतिशय सौम्यपणे म्हणाले, की मी तुमच्या यादीत असेन असं वाटत नाही, मी हॉस्पिटलमधला सर्जन आहे, तुमच्या एका पेशंटला उद्या ऑपरेशनला घ्यायचंय, त्याबद्दल बोलायचं होतं.

इंग्लंडात सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत. मिस्टर म्हणतात. पूर्वी कापाकापी करणारे लोक न्हाव्यांच्या संघातले होते. विद्यापीठातून डॉक्टर होऊन येणारे वेगळे, हे वेगळे. १७४५ मध्ये सर्जन न्हाव्यांपासून अलग झाले, पुढं त्यांचं रॉयल कॉलेज झालं, तेही पदवी घेऊन डॉक्टर होऊ लागले, पण 'मिस्टर' काही त्यांनी सोडलं नाही. उलट त्याचाच मान झाला. आधी पाच-सहा वर्षं शिकून 'मिस्टर' चं 'डॉक्टर' व्हायचं, मग आणखी परीक्षा देऊन 'डॉक्टर' चं परत 'मिस्टर'. बाई सर्जन असेल तर बऱ्याचदा 'मिस', मग ती लग्नाची असो, नातवंडांची असो. मिरजेत एखाद्या सर्जनला कुणी 'श्रीयुत' म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मला त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये एकटीलाच हसू येत होतं. सकाळी मात्र रडायची वेळ आली होती.

माझ्या स्वतःच्या नावाची कथा वेगळीच. ज्योत्स्ना हे नाव मिरजेत तरी कोण नीट म्हणत होतं? जोस्ना, जोत्सना, दवाखान्यात काही लोक तर 'ज्योती सिस्टर'. इथं पहिल्या महिन्यात कुणीतरी सुचवलं, की 'जो' म्हण, सोपं पडेल. मी आठवडाभर 'जो स्पीकिंग' म्हणून बघितलं. एका आजोबांनी दोनदा खात्री करून घेतली, की 'जो' हे पुरुषाचं नाव आणि आवाज बाईचा, हे कसं? शिवाय दर फोनला मला स्वतःलाच वाटायचं, ही कोण बया बोलतेय! आठव्या दिवशी परत ज्योत्स्ना झाले. ज्याला जमेल तसं म्हणू दे.

आडनाव मात्र सांगावंच लागायचं, हॉस्पिटलं, फार्मसीवाले लिहून घेतात. क्षीरसागर. त्यासाठी बाईंनी विमानवाल्यांची अक्षरं पाठ करायला लावली: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. १९५६ पासून जगभर वैमानिक, जहाजवाले, सैन्य हीच वापरतात, कारण फोनवर 'बी', 'डी', 'पी', 'टी' सगळे एकसारखे ऐकू येतात. आपल्याकडं 'डी फॉर दिल्ली, बी फॉर बॉम्बे' चालतं, ते इथं कुणाला कळत नाही. तर मी झाले किलो, सिएरा, हॉटेल, इंडिया, रोमिओ, सिएरा, अल्फा, गॉल्फ, अल्फा, रोमिओ. दूधसागराचा एवढा विस्तार कधी झाला नसेल. आणि त्यात मध्येच 'इंडिया', ही आपली उगाच सुखावणारी गोष्ट.

इथवर सगळं येणाऱ्या फोनचं झालं. आपण होऊन फोन करायचा तो प्रकार याहून अवघड, आणि त्यात नम्रपणाचा आणि नियमाचा असा पेच पडतो की विचारू नका.

नियम असा, की पेशंटच्या संमतीशिवाय त्याची कुठलीही माहिती दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. नवऱ्याची बायकोला नाही, बायकोची नवऱ्याला नाही. तो माणूस आमच्याकडं नाव नोंदवून आहे, हेसुद्धा नाही. मिरजेत मी बेधडक सांगायची, "वहिनी, दादांचा रिपोर्ट आलाय, साखर वाढलीय, गोड बंद करा." वहिनी म्हणायच्या, "बघतेच त्यांच्याकडं." इथं एवढ्यावर नोकरी जाईल.

तर एका संध्याकाळी मिसेस टेलरना निरोप द्यायचा होता. घरचा फोन लावला. आमचा नंबर समोर दिसत नाही, तिथं नुसतं 'विथहेल्ड' येतं. मिस्टर टेलरनी उचलला.

"गुड ईव्हनिंग. कुड आय स्पीक टू मिसेस टेलर, प्लीज?"

"हूज कॉलिंग?"

"माय नेम इज ज्योत्स्ना."

"फ्रॉम व्हेअर?"

आता आली का पंचाईत? नाव सांगायला हरकत नाही, ठिकाण सांगायचं नाही. मी म्हणाले, "आय ॲम अफ्रेड इट्स अ पर्सनल कॉल."

नंबर लपवलेला, बोलण्यात हिंदुस्थानी हेल, नाव ऐकलेलं नाही, कुठून बोलतेय ते सांगत नाही, आणि बायकोकडं खासगी काम. तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून लुबाडणारे फोन इथं घरोघर येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा हेल माझ्यासारखाच असतो. मिस्टर टेलरनी मला आधी इंग्रजी भाषेतले काही शब्द शिकवले, जे बाईंच्या यादीत नव्हते, आणि फोन आपटला.

मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते तर मला विचारलं असतं, 'हॅलो लव्ह, काय काम होतं?' हे बरोबर नाही, पण आहे असं." हे त्या बोलल्या म्हणून मला बरं वाटलं. उगाच समजूत काढत बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत लावला. या वेळी स्वतः मिसेस टेलर.

"इज दॅट मिसेस टेलर?" इथं 'इज दॅट' म्हणतात. न्यूजर्सीला माझी मावसबहीण आहे, ती 'इज धिस' म्हणते. एकीला समोरचा माणूस इथं वाटतो, एकीला तिथं.

"स्पीकिंग."

चला, अर्धी लढाई झाली. मी म्हणाले, की पुढं बोलण्याआधी तुमची जन्मतारीख आणि पत्त्याची पहिली ओळ सांगाल का? तर त्या म्हणाल्या, "फोन तुम्ही केलाय. आधी तुम्ही कोण ते सांगा."

किती रास्त! त्या खऱ्या मिसेस टेलर आहेत हे पटल्याशिवाय मी कुठून बोलते ते सांगणार नाही, आणि मी खरी कोण हे पटल्याशिवाय त्या जन्मतारीख देणार नाहीत. 'पहले आप' करत गाडी चुकवणाऱ्या लखनौच्या नवाबांसारख्या आम्ही दोघी अर्धा मिनिट तारेच्या दोन टोकांना उभ्या. मग मी म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे, मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. तुमच्या शेवटच्या औषधाच्या कागदावर एक फोन नंबर छापलेला आहे. त्यावर फोन करून ज्योत्स्नाला मागा." पलीकडं कागद शोधल्याची खसखस, मग एक "ओऽह". चार मिनिटांनी त्यांचा फोन माझ्याकडं आला. रांगेत सहावा.

हा तोडगा मला कुणी शिकवला नव्हता. पुढं नव्या मुलींना मीच शिकवला.

२०१३ मध्ये इथं एक गोष्ट झाली, तिचा आमच्या टेबलापर्यंत परिणाम आला. यॉर्कशरच्याच डॉ. केट ग्रेंजर, वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर, स्वतः कॅन्सरनं आजारी होऊन हॉस्पिटलात पडल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की येणारी-जाणारी माणसं तपासतात, सुया टोचतात, पण आपलं नावच सांगत नाहीत. त्यांनी 'हॅलो माय नेम इज' अशी मोहीम सुरू केली. काही मोठं मागितलं नव्हतं, पेशंटला आधी आपलं नाव सांगा, एवढंच. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, हजारोंनी ते उचललं, पिवळे बिल्ले आले. २०१६ च्या जुलैमध्ये त्या गेल्या, चौतीस वर्षांच्या होत्या. बाईंच्या खुर्चीमागं त्यांचा फोटो लावलेला होता. माझ्या बिल्ल्यावर ज्योत्स्ना मावावं म्हणून अक्षरं जरा लहान करावी लागली.

'हॅलो' चं तरी काय, तोही काही वेदकाळापासून नाही. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलना स्वतःला 'अहॉय' आवडायचं, दर्यावर्दी लोकांची हाक. 'हॅलो' सुचवलं ते एडिसननं, १८७७ साली एका पत्रात, आणि तेच चिकटलं. गावाकडं माझा भाऊ सरकारी नोकरीत आहे. २०२२ च्या २ ऑक्टोबरपासून महाराष्ट्र सरकारनं कर्मचाऱ्यांना हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायचं आवाहन केलं, तेव्हा तो महिनाभर मला घरच्या फोनवरही वंदे मातरम् म्हणत होता. त्यावर "कोण बोलतंय?" मात्र तो विचारायचाच.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवार, रांगेत एकवीस. मी माझी चाल म्हटली, गुड मॉर्निंगपासून हाउ कॅन आय हेल्पपर्यंत. पलीकडं श्वास ऐकू आला, आणि मग हळू आवाजात, "आय... फॉर कफ... अगं बाई, हे ठसक्याला काय म्हणतात, सांगून गेला होता की मला."

मी जरा थांबले. मग म्हटलं, "बोला आजी."

बराच वेळ काही नाही. मग, "अगोबाई! कोण बोलतंय?"

"मी ज्योत्स्ना क्षीरसागर बोलतेय. दवाखान्यातूनच."

"क्षीरसागर? कुठले?"

"मिरजेचे."

"मिरजेत कुठं? किल्ल्याजवळ राहायचे ते का? त्यांची धाकटी आमच्या पुतणीच्या वर्गात होती."

पडद्यावर तेवीस झाले होते. मी सांगितलं, की ते आमचे चुलत, आम्ही स्टेशनकडचे. त्या म्हणाल्या, म्हणजे आवाज ओळखीचा वाटला तो उगाच नाही. मी म्हटलं, आजी, नाव सांगा, आणि जन्मतारीख लागेल मला.

"शाळेतली सांगू, का खरी?"

"पासपोर्टवर कुठली आहे?"

"शाळेतली. एक जून."

एक जून टाकलं. सापडल्या.